परवा म्हणजे कधी?

चूक माझी होती. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही विमा कंपनीला, एजंटला किंवा हॉस्पिटलला दोष द्यायला जाणार नाही. मी बरेच महिने तेच करत होतो.

आरोग्य विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: खालीलपैकी कोणाला आधीपासून काही आजार आहे का? खाली आमची तीन नावं. बायको सुनंदा हिच्या नावापुढे मी ‘हो’ लिहिलं आणि गर्भाशयात गाठी असल्याचं नीट नोंदवलं. मुलगी प्रज्ञा हिच्यापुढे ‘नाही’. ते खरंच होतं. माझ्यापुढेही ‘नाही’. ते खोटं होतं.

आणि मी फॉर्मचाच माणूस. हैदराबादेत हिमायतनगरजवळच्या एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं मुलांचे प्रवेशअर्ज तपासतोय. रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. खाडाखोड दिसली की परत. “जे आहे ते लिहा बाबू, उद्या तुम्हालाच त्रास होईल,” हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल, सांगता येणार नाही. रविवारी विद्यानगरच्या आमच्या विहारात पंचशील म्हणताना पुढे उभा राहणाराही मीच. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी खणखणीत आवाजात म्हणायचो.

माइल्ड

फॉर्म भरला त्याच्या वर्षभर आधी विहारात आरोग्य शिबिर भरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. मग विचारलं, “लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?”

आला होता. नांदेडला, मी तिसरीत असताना. गुडघे इतके सुजले होते की आई मला कडेवर घेऊन दवाखान्यात न्यायची. मी ते विसरून गेलो होतो, किंवा विसरलो असं म्हणत होतो.

एको काढला. हृदयाची एक झडप थोडी अरुंद झाली आहे असं निघालं. तिथले डॉक्टर म्हणाले, “माइल्ड आहे. आत्ता काही करायचं नाही. दर वर्षी एको काढत जा.” यातलं ‘काही करायचं नाही’ तेवढं मी ऐकलं. सुनंदा शेजारी बसली होती, तिने सगळं ऐकलं. पुढच्या वर्षी तिने दोनदा आठवण केली. मी “बघू” म्हणालो.

मग विम्याचा विषय निघाला. कॉलेजात आमच्यासाठी अशी काही सोय नाही. श्रीनिवास नावाचा एजंट ऑफिसात यायचा, बाकीच्यांचे विमे त्याच्याकडेच होते. त्या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. मी त्याला म्हटलं, “माइल्ड असेल तर?” तो चहा पीत होता. “माइल्ड अंटे नो ये कदा सर,” म्हणाला. माइल्ड म्हणजे नाहीच की. त्याने जबरदस्ती केली नाही. मला हवं ते उत्तर मिळेल असाच मी प्रश्न विचारला होता.

का लिहिलं नाही? यावर मी खूप विचार केला आहे आणि अजूनही मला नीट सांगता येत नाही. हप्ता वाढला असता, हे थोडं खरं. विमाच नाकारला असता, हेही थोडं खरं. पण बायकोचा आजार लिहिताना माझा हात अडखळला नाही आणि स्वतःचा लिहिताना अडखळला. निळ्या शाईत लिहिलं असतं तर तो खरा झाला असता, असं काहीतरी. पन्नाशीच्या माणसाने असा विचार करावा याची लाज वाटते, पण तसंच होतं.

घरी रिपोर्टांची एक प्लास्टिकची फाइल होती. त्यातून माझा तेवढा एकोचा कागद काढून मी कॉलेजात नेला आणि टेबलाच्या खणात, शिक्क्याच्या पॅडखाली ठेवला. कशासाठी, तेही तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

साड्यांची दुकानं

विमा घेऊन तीन वर्षं पुरी व्हायला तीन महिने बाकी होते. या तीन वर्षांना आमच्या घरात महत्त्व होतं. आधीपासूनचा आजार लिहून दिला की कंपनी काही वर्षं थांबायला लावते, त्या आजाराचा खर्च तोवर मिळत नाही. सुनंदाचं गाठींचं ऑपरेशन त्यासाठीच थांबलं होतं. तिच्या अंगावरून खूप जायचं. महिन्यातले काही दिवस ती शाळेत खुर्चीवर बसूनच शिकवायची. ती हिंदी शिकवते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने उरलेले महिने पेन्सिलीने मांडून ठेवले होते.

त्याच सुमारास मला धाप लागायला लागली. चिक्कडपल्लीच्या बाजारातून भाजी घेऊन निघालो की वाटेत तीनदा थांबावं लागायचं. थांबलोय हे कळू नये म्हणून मी साड्यांच्या दुकानांपुढे उभा राहून काचेतून आत बघायचो.

“तुम्हाला कधीपासून साड्या आवडायला लागल्या?” सुनंदाने विचारलं.

“बघतोय तुझ्यासाठी.”

“तीन दुकानं झाली. एकदा तरी आत जावा की मग.”

तिसऱ्या आठवड्यात ती थट्टा करायची थांबली. चौथ्या आठवड्यात मला नारायणगुड्याच्या एका सेंटरमध्ये एकोला घेऊन गेली. ती बाहेर बसली. आत काळोखात डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, “ये तो पुराना है. पहले किसीने बताया नहीं?”

“नहीं,” मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं. पहिल्या खोट्याशी ते जुळायला हवं होतं.

बाहेर आलो तर सुनंदा उभी राहिली. मी म्हणालो, झडप बदलावी लागेल म्हणतात. ती म्हणाली, “वाढलं का?” वाढलं का, असं तिने विचारलं. म्हणजे काय होतं ते तिच्या लक्षात होतं. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण मी फक्त माझ्या छातीला घाबरलो होतो.

परसों

दोन दिवसांनी सकाळीच मला श्वास पुरेना. हॉस्पिटलमध्ये नेलं, ऑक्सिजन लावला. तोंडावर मास्क होता, त्यामुळे सगळी माहिती सुनंदाने दिली. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, जुन्या शहरातली. बोलण्यावरून कळत होतं. दोघी पडद्याच्या पलीकडे, मी अलीकडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हैदराबादेत ‘परसों’ या शब्दाला धरबंध नाही. शब्दकोशात तो दोन दिवसांपूर्वीचा. इथे तो दोन दिवसांपूर्वीचाही असतो, दोन वर्षांपूर्वीचाही, लग्नाआधीचाही. सुनंदा चिक्कडपल्लीत जन्मली, वाढली. तिच्या मराठीत हाच प्रकार ‘परवा’चा. “परवा नाही का आपण औरंगाबादला गेलो होतो,” ती म्हणते तेव्हा प्रज्ञा त्या प्रवासात कडेवर असते. मी नांदेडचा. पंचवीस वर्षं मी तिला यावरून चिडवत आलो. गंमत म्हणजे शाळेत मुलांनी असं लिहिलं तर ती लाल खूण करते.

तर पडद्यापलीकडून ऐकू आलं: “परसों एको कराये थे डाक्टर, दिल का वाल थोडा तंग है बोलके बोले.”

“परसों बोले तो कब, अम्मा?”

“बच्ची इंटर में थी, तब. अभी फार्मसी के आखरी साल में है.”

“हौ, मतलब चार साल हुए.” आणि पेनाचा आवाज.

मग सुनंदाने लहानपणीचा ताप सांगितला. पेनिसिलीनच्या इंजेक्शनने अंगभर गांधी उठल्या होत्या, घसा सुजला होता, तेही सांगितलं. माझ्या आईने तिला लग्नानंतर कधीतरी सांगितलेलं. मी स्वतः ते सांगितलं नसतं. थोड्या वेळाने नर्सने माझ्या मनगटावर लाल पट्टी बांधली. त्या पट्टीवर लिहिलं होतं, मला कोणतं औषध द्यायचं नाही.

खुर्च्यांपाशी

दुसऱ्या दिवशी मला जरा बरं वाटत होतं. व्हीलचेअरवरून तपासणीला नेलं होतं, परत येताना तळमजल्यावर इन्शुरन्स डेस्कपाशी थांबलो. समोर लोखंडी खुर्च्यांची रांग होती, पंधरावीस माणसं बसलेली. सुनंदाच्या एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात एक्सरेचं मोठं पाकीट.

डेस्कवरच्या बाई म्हणाल्या, “कॅशलेस नाकारलं सर. आजार चार वर्षांपासूनचा आहे, फॉर्मवर लिहिलेला नाही.”

“चार वर्षं कोण म्हणालं?”

त्यांनी कागद वळवून दाखवला. “आपके अटेंडर ने ही बताया.”

अटेंडर म्हणजे पेशंटसोबतचं माणूस. मी सुनंदाकडे वळलो. मास्क नव्हता, आवाज होता. आणि तो मी पूर्ण वापरला. “कुणी विचारलं होतं तुला? इतकं सगळं बोलायची काय गरज होती? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?” आणखीही बोललो. खुर्च्यांवरची माणसं बघत होती. मराठी न कळणाऱ्यांनाही कळलं असेल.

ती एवढंच म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं.”

मग तिने वाकून माझ्या पायात चपला घातल्या. माझे पाय व्हीलचेअरच्या पट्टीवर गार पडले होते.

उशी

ऑपरेशनबद्दल मला फार लिहिता येणार नाही. पैसे सुनंदाच्या शाळेतल्या प्रॉव्हिडंट फंडातून आले, एवढं सांगतो. ती ते काढायला गेली तेव्हा मला सांगून गेली नाही.

आधीच्या संध्याकाळी सर्जन आले होते. लाल पट्टीकडे बघून म्हणाले, “हे बरं झालं तुमच्या मिसेसनी सांगितलं. नाहीतर आम्हाला ऑपरेशन टेबलवर कळलं असतं.” सुनंदा तिथेच होती. तेव्हा मी माफी मागू शकलो असतो. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. मी म्हणालो, “पाणी दे.”

नंतरच्या दिवसांतलं आठवतं ते म्हणजे खोकल्याची भीती. छातीचं हाड तारेने शिवलेलं, खोकला आला की आत काहीतरी उसवेल असं वाटायचं. वॉर्डात यादम्मा नावाच्या आया होत्या. त्यांनी माझ्या कुशीत एक उशी दिली आणि दोन्ही हात तिच्यावर दाबून ठेवले. “दग्गु वस्ते दिंडु पट्टुको, सारू.” खोकला आला की उशी धर. इतकंच. पण त्या उशीने मला जो धीर दिला तो मोठमोठ्या बोलण्याने मिळाला नसता. तुमच्यावर ही वेळ आली तर उशी धरा. डॉक्टर सांगतीलच, पण आधीच धरा.

नवी झडप धातूची आहे. खोली शांत असली की तिचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा प्रज्ञा म्हणाली, “पप्पा, तुम्ही आता घड्याळ झालात. कॉलेजला लेट नाही होणार.” आम्ही तिघंही हसलो. मला हसताना दुखत होतं, पण आठवडाभरात तिघं एकदम हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

एक खरा कागद

घरी आल्यावर कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. शिवाय माहिती लपवल्याबद्दल पूर्ण पॉलिसी रद्द का करू नये, यावर पंधरा दिवसांत म्हणणं मांडा.

पूर्ण पॉलिसी. म्हणजे प्रज्ञाची, आणि सुनंदाची. कॅलेंडरवरची तिची पेन्सिल शेवटच्या महिन्यापर्यंत आली होती. नवा विमा घेतला तर तिची वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती. मी पत्र चारदा वाचलं. खोटं माझं, आणि रद्द तिचं होणार होतं.

आणि मग मला ती युक्ती सुचली. पुराव्याचा एकही कागद कंपनीकडे नव्हता. जुना एको माझ्या खणात होता. त्यांच्याकडे फक्त डॉक्टरने लिहिलेलं सुनंदाचं बोलणं होतं. आणि सुनंदा म्हणाली होती ‘परसों’. परसों म्हणजे दोन दिवसांपूर्वी. ॲडमिट होण्याआधी दोन दिवस माझा एको झालाच होता, नारायणगुड्याला, पावतीसकट! डॉक्टरने चुकीचा अर्थ घेतला, असं सुनंदाने लिहून दिलं तर?

मी ते तिच्या नावाने टाइप केलं. ‘मी परसों असे म्हटले होते. परसों या शब्दाचा अर्थ दोन दिवसांपूर्वी असा होतो. मी स्वतः हिंदीची शिक्षिका आहे.’ हे शेवटचं वाक्य मला फारच चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. माझी तेव्हाची अवस्था कळावी म्हणून सांगतो.

सुनंदा शाळेतून येऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. त्रासाचे दिवस होते. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावून वाचला, वह्या तपासते तसा, ओळीखाली बोट धरून.

“यात शब्द एकही खोटा नाही,” ती म्हणाली.

“तेच तर.”

“पण मी असं म्हणाले नव्हते.”

“सुनंदा, तुझ्यासाठी चाललंय हे. तुझं ऑपरेशन...”

“माझ्यासाठी नक्को.” मग कागद मांडीवर ठेवत, “पेन द्या. तुम्ही म्हणत असाल तर करते सही. पण एक सांगा. माझ्या गाठी तुम्ही लिहिल्या होत्या ना फॉर्मवर? मग तुमचं काय झालं होतं?”

मी उत्तर शोधू लागलो. श्रीनिवास, माइल्ड, हप्ता, सगळं एकेक करून मनात आलं आणि कशाचंच उत्तर होईना. ती पेनासाठी हात पुढे करून बसली होती. रागाने नाही. खरंच सही करणार होती. मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटली. पडद्यापलीकडे त्या डॉक्टरने विचारलं तेव्हा जे होतं ते सांगणारी ही बाई माझ्यासाठी आता कागदावर सही करणार होती. अगदी मी केलं तसंच.

मी कागद घेतला. “राहू दे,” म्हणालो. फाडला नाही, तसा नाट्यमय माणूस मी नाही. चौघडी करून खिशात ठेवला.

शिक्क्याच्या पॅडखाली

दुसऱ्या दिवशी रिक्षाने कॉलेजात गेलो. अजून रजेवर होतो, सगळ्यांना वाटलं भेटायला आलो. खण उघडून जुना एको बाहेर काढला. मग घरी बसून कंपनीला हाताने पत्र लिहिलं. मला झडपेचा आजार आहे हे फॉर्म भरताना ठाऊक होतं, मी तो लिहिला नाही, रिपोर्ट सोबत जोडत आहे, माझं नाव काढून टाका. पण पत्नीचा आजार पहिल्या दिवसापासून खरा लिहिलेला आहे, तिला आणि मुलीला माझ्यामुळे बाहेर काढू नका.

चार दिवसांनी कंपनीतून फोन आला. “सर, ये आप खुद लिख के दे रहे? किसी ने लिखवाया नहीं?”

“मैं खुद.”

“होल्ड कीजिए सर,” आणि बासरीची धून. ती बराच वेळ वाजली आणि फोन कट झाला.

पुढचे दोन महिने काय चाललं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. एक मेल आला, पॉलिसी रद्द झाली आहे. आठवड्याने मेसेज आला, नूतनीकरणाची तारीख जवळ आली, लवकर हप्ता भरा. फोन केला तर एक बाई म्हणाल्या पॉलिसी चालू आहे, दुसरे एक गृहस्थ म्हणाले असा नंबरच नाही. हप्ता भरायचा की नाही? भरला तर रद्द झालेल्याचा भरला, न भरला तर चालू असलेली बंद पडणार. श्रीनिवासला विचारलं तर म्हणाला, “सर, पहिल्यांदाच अशी केस बघतोय, कुणी खरं लिहून देत नाही.” मी तारखेआधी भरून टाकला आणि पावती उशीखाली ठेवून झोपू लागलो.

शेवटी पत्र आलं. माझं नाव कमी केलं आहे. सुनंदा आणि प्रज्ञा यांचा विमा पूर्वीच्या तारखेपासून चालू. का? नियम तसा होता, की माझ्या पत्रामुळे, की कुणी भलं माणूस त्या खुर्चीवर बसलं होतं, मला माहीत नाही. म्हणून, खरं लिहिलं की सगळं ठीक होतं, असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्या क्लेमचा एक रुपया मिळाला नाही आणि तो मिळायला नकोच होता.

मग माझ्यासाठी नवा विमा शोधायला लागलो. झडप बदललेल्या माणसाला विमा मिळतो का, हे मला विहारात आता बरेच जण विचारतात. एका कंपनीने नाकारलं. दुसरीने उत्तरच दिलं नाही. तिसरीच्या फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वी कोणत्या कंपनीने विमा नाकारला किंवा काढून घेतला आहे का? मी ‘हो’ लिहिलं, आणि जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. श्रीनिवास कपाळाला हात लावून म्हणाला, “इंत रायकंडी सर.” इतकं लिहू नका. मी लिहिलं. तपासण्या झाल्या. हृदयाचं काही झालं तर काही वर्षं मिळणार नाही, बाकी आजारांचं मिळेल, हप्ता जास्त. मी घेतला. चांगला सौदा आहे की वाईट, अजून समजत नाही. पण फॉर्मची झेरॉक्स घरच्या फाइलीत आहे, सगळ्यांना दिसेल अशी.

कंपनीला सॉरी

प्रज्ञा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी बोलते छान, पण वाचताना अडखळते. ती झेरॉक्स आणि कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत तिने एकदा फाइलीतून काढून, अक्षरं जुळवत वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

“पप्पा, कंपनीला पूर्ण एक पेज सॉरी.”

“हो.”

“मम्मीला?”

“तिला माहीतच आहे.”

“असं कैसे चालेल? कंपनीला पण माहीत होतं ना. तरी लिहिलं.”

मी वर्तमानपत्र उचललं. रविवारी विहारात चौथ्या शीलापाशी माझा आवाज आपोआप खाली आला. मागचे लोक पुढे म्हणत गेले, मी ओठ हलवत राहिलो. खरं लिहून दिलं, खण रिकामा केला, आणखी काय राहिलंय, असं मी स्वतःला विचारत होतो. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. लोखंडी खुर्च्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

अटेंडर

सुनंदाच्या ऑपरेशनची तारीख ठरली. तेच हॉस्पिटल. या वेळी पलंगावर ती होती आणि फाइल धरून उभा असलेला अटेंडर मी. ड्यूटीवरचे डॉक्टर नवे होते, उत्तरेकडून आलेले, शुद्ध हिंदी बोलणारे.

“तकलीफ कब से है?”

“परसों से,” सुनंदा म्हणाली. थकली होती, डोळे मिटलेले होते.

डॉक्टरांनी लिहिलं, दोन दिवस. मला ते उलटं दिसत होतं, पण उलटे अर्ज वाचायची मला सवय आहे.

“डॉक्टर, ते दो दिन नहीं,” मी म्हणालो. “इथे परसों म्हणजे... ये पुराना है.”

“कितना पुराना?”

गाठी आहेत हे मी फॉर्मवर लिहिलं होतं. त्रास कधीपासून होतोय, हे कधी विचारलं नव्हतं. मी खाली वाकून विचारलं, “सुनंदा, परवा म्हणजे कधी?”

“प्रज्ञा नववीत होती,” तिने डोळे न उघडता सांगितलं.

सात वर्षं. मी ती डॉक्टरांना सांगितली. त्यांनी दोन दिवसांवर रेघ मारून सात वर्षं लिहिलं आणि शेजारी सही केली.

तळमजल्यावर इन्शुरन्स डेस्कला कागद द्यायचे होते. सही तिचीच लागणार होती, म्हणून तिला व्हीलचेअरवरून खाली आणलं. डेस्कवर त्याच बाई होत्या. कागद बघून म्हणाल्या, मंजुरी येईल, बसा थोडा वेळ. मी खुर्च्यांच्या रांगेकडे वळलो. पंधरावीस माणसं बसलेली होती, दुसरी माणसं, पण तशीच. सुनंदाच्या चपला माझ्या हातात होत्या.

मी त्या तिच्या पायात घातल्या. वाकल्यावर छातीत थोडं ओढल्यासारखं झालं, पण मी तसाच राहिलो, कारण उभा राहिलो असतो तर पुन्हा “पाणी हवं का” असं काहीतरी म्हणून मोकळा झालो असतो.

“काय झालं?” ती म्हणाली. “धाप लागली का? उठा, लोक बघतायत.”

“बघू दे. त्या दिवशीही बघत होते.” मग जे बोललो ते खुर्च्यांवरच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो. “परवा याच खुर्च्यांपाशी मी तुझ्यावर ओरडलो, सुनंदा. तू खरं सांगितलं होतंस. खोटं मी लिहिलं होतं, आणि राग तुझ्यावर काढला. माझं चुकलं. मला माफ कर.”